स्प्लेंडरची जादा चावी कुठे करावी? बजेट दीडशे

चोपडेकर_७१
नमस्कार मंडळी. २०१६ ची स्प्लेंडर आहे. दोन चाव्यांपैकी एक लहान भावाने केळीच्या बागेत पाडली, ती काही सापडली नाही. उरलेल्या एकीवर आम्ही तिघं : मी, वडील आणि सध्या मुक्कामाला असलेले शालक. गाडी घरी आणि चावी शेतात, असं रोजचं चाललंय. ही चावीही झिजून गुळगुळीत झाली आहे, टाकीला दोनदा हलवून लावावी लागते.
दोन डुप्लिकेट हव्यात. दोन्ही मिळून दीडशेच्या वर जायचं नाही. शनिवारी जळगावला काम आहे, त्यामुळे तिकडचा चावीवाला सुचवला तरी चालेल. शोरूममधून मागवावी की रस्त्यावरच्या मशीनवाल्याकडून करावी? पितळी की लोखंडी?

बुलेटराजा_जळगाव
भावा, अख्खा लॉकसेटच, म्हणजे गाडीची सगळी कुलुपं, बदलून टाक. हरवलेली चावी कोणाच्या हाती लागली, काय भरवसा? मी नवीन सेट टाकला, चोरस्विच बसवला, वरून डिस्कला अलार्मवालं कुलूप. मांजर जरी सीटवर बसली तरी गल्ली जागी होते. पैसे पाहू नको, गाडी पाहा.

चोपडेकर_७१
दादा, बजेट दीडशे आहे.

केळीचा_घड
काबरं लॉकसेट बदलतं रे बापा? केळीच्या बागातली चावी कोनाले सापडनार? आन् सापडली तं तो काय गाडी हुडकत चोपड्याले येईन का? चिखलात गेली ती गेली. मशीनवाल्याकडून कर, पन्नास रुपयाचं काम आहे.

धुळेकर_भाऊ
भाऊ, मना बी असाच वांधा व्हयना व्हता. धुळामा पाच कंदीलकडे जाय, तठे चावीवाला बठस. एक नंबर काम. पितळनी घेऊ नको, वाकी जास.

आसोद्याचं_वांगं
विचारणारा चोपड्याचा, शनिवारी जळगावला चाललाय आणि तुम्ही त्याला धुळ्याला पाठवताय. पेट्रोल कोण देणार?
चोपडेकर, जळगावात फुले मार्केटच्या आसपास विचारा. पण शनिवारी गाडी आत घालू नका, लांब लावून पायी जा.

गॅरेजवाला_पारोळा
पायी गेला तर चावी लावून कुठे बघणार? गाडी सोबतच पाहिजे. नुसती चावी नेऊन डुप्लिकेट करून आणणारे लोक परत माझ्याकडे येतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मशीनवर एका बाजूला जुनी चावी अडकवतात, दुसऱ्या बाजूला कोरी. जुनीच्या खाचांवरून टोक फिरतं आणि तसंच कटर कोऱ्या चावीवर चालतं. म्हणजे जुनी चावी जेवढी झिजलेली, तेवढी झीज नवीनमध्ये पहिल्या दिवसापासून उतरते, वर मशीनचा थोडाफार फरक. हरवलेली दुसरी चावी कमी वापरातली असेल तर कॉपी करायला तीच खरी होती. आता इलाज नाही. पण एक गोष्ट पक्की ठरवा : दोन्ही डुप्लिकेट मूळ चावीवरूनच काढायच्या. डुप्लिकेटवरून डुप्लिकेट काढायची नाही, चूक वाढत जाते.

लॉकच्या आत पितळेच्या बारीक पत्र्या असतात. योग्य खाच आली की त्या एका रेषेत बसतात आणि लॉक फिरतं. तुमच्या गाडीची एकच चावी तीन ठिकाणी लागते : इग्निशन (हँडल लॉक त्यातच), टाकीचं झाकण आणि साईड कव्हर. इग्निशनचं लॉक रोज फिरून सैल झालेलं असतं, ते थोडी चुकीची चावीपण घेतं. टाकीचं घेत नाही. तुमची चावी टाकीला हलवावी लागते, त्याचं कारण हेच. म्हणून चावीवाल्यासमोर आधी टाकी उघडून बघा, मग हँडल लॉक करून सोडा, मग कव्हर. तिन्ही झाल्याशिवाय पैसे देऊ नका. अडली तर तो तिथल्या तिथे कानस मारून देतो. घरी गेल्यावर कोणी विचारत नाही.

बुलेटराजा_जळगाव
एवढ्या भानगडीपेक्षा लॉकसेट.

खानदेशी_कन्या_शहादा
चावीवरून आठवलं, हे कोणीच सांगितलं नाही. गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी क्लेमच्या वेळी दोन्ही मूळ चाव्या मागते. एकच दिली तर प्रश्न विचारत बसतात : दुसरी कुठे आहे, गाडीलाच लावून ठेवली होती का. आमच्या नात्यात एकाचा क्लेम यावरूनच लोंबकळला होता. चावी हरवल्याची पोलीस स्टेशनला नोंद करून ठेवा आणि कागद जपा.

केळीचा_घड
२०१६ च्या गाडीले फुल इन्शुरन्स कोन काढतं?

खानदेशी_कन्या_शहादा
मी काढते.

चोपडेकर_७१
ताई, थर्ड पार्टीच आहे.

खानदेशी_कन्या_शहादा
मग तुम्हाला चोरीचा क्लेमच नाही, थर्ड पार्टीत चोरी येत नाही. तरी नोंद करा. उद्या ती गाडी कुठल्या कांडात सापडली तर?

गार्डसाहेब_भुसावळ
मी रेल्वेतून निवृत्त. आमच्या काळी चावी हरवली म्हणजे खुलासा लिहून द्यावा लागे, त्यामुळे हरवत नसे. माझ्या चेतकची पितळी चावी १९८९ पासूनची, आजही फिरते. पितळ वाकतं म्हणणाऱ्यांनी चावीने सोड्याची बाटली उघडणं बंद करावं.
घरात खुंटी ठोका. आला की चावी खुंटीवर. डुप्लिकेट लागणारच नाही. खर्च एक खिळा.

चोपडेकर_७१
काका, खुंटी आहे. शालकांना ती दिसत नाही.

धुळेकर_भाऊ
हा हा, पाव्हणाले काय सांगशी!

तापीकाठचा_पक्या
मी तर बाबा स्मार्ट चावीवाली स्कूटर घेतली. चावी खिशात, नुसता नॉब फिरवायचा. खाच नाही, झीज नाही, कानस नाही. तुम्ही लोक अजून पत्र्यांत अडकलात.

आसोद्याचं_वांगं
आणि खिशातल्या चावीचा सेल संपला की?

तापीकाठचा_पक्या
गोल सेल मिळतो, सीआर २०३२. कुठल्याही घड्याळवाल्याकडे.

आसोद्याचं_वांगं
रात्री दहा वाजता विदगावच्या पुलावर घड्याळवाला बसतो का?

गॅरेजवाला_पारोळा
स्कूटरचा विषय निघालाच आहे तर, ज्यांच्या साध्या स्कूटरला चावीच्या भोकावर सरकणारं झाकण आहे त्यांनी लक्षात ठेवा. ते झाकण चावीच्या डोक्यातल्या लोहचुंबकाने उघडतं. साध्या डुप्लिकेटमध्ये चुंबक नसतो, त्यामुळे झाकण बंद झालं की चावी असूनही बाहेरच. स्प्लेंडरला ही भानगड नाही. चिपपण नाही. म्हणून तर काम स्वस्तात होतं.

निंबोल_बॉय
चावीचा फोटो टाका ना इथे. माझा मामेभाऊ फोटो पाहून सांगेल कोणता ब्लँक, म्हणजे कोरी चावी, लागतो.

खानदेशी_कन्या_शहादा
अजिबात टाकू नका!! खाचा स्पष्ट दिसल्या तर फोटोवरूनही चावी बनते. चावीसोबत नंबर कोरलेला छोटा बिल्ला आला असेल, तोही कुठे टाकू नका.

चोपडेकर_७१
बिल्ला?

गॅरेजवाला_पारोळा
नवीन गाडीच्या चाव्यांसोबत रिंगमध्ये येतो. लोक पहिल्याच आठवड्यात काढून फेकतात. घरात कागदपत्रांच्या पिशवीत शोधा. नंबर सापडला तर तो घेऊन आणि आरसी दाखवून शोरूमला विचारता येतं, त्यावरून मूळ मापाची चावी मिळाली तर झिजेचा प्रश्नच संपला. पण वेळ लागतो आणि दीडशेत दोन होणार नाहीत.

निंबोल_बॉय
आम्हाला शोरूमने आरसी मागितली, आधार मागितलं, मग म्हणे मागवावी लागेल. मग फोन उचलेनात. शेवटी रस्त्यावरच केली.

केळीचा_घड
तेच तं म्हनून राहिलो मी पहिल्यापासून. मशीनवाला. पन्नास रुपये.

बहिणाबाई_गार्डन_वॉकर
चावीचं सोडा, एचएसआरपी नंबरप्लेट बसवली का? १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या सगळ्या गाड्यांना लागते, तुमची २०१६ ची आहे. दुचाकीला ४५० अधिक जीएसटी.

चोपडेकर_७१
बसवली. म्हणून तर चावीला दीडशेच उरले.

कपाशी_आणि_कटकट
माझा अनुभव ऐका. रस्त्यावरची स्वस्त चावी इग्निशनमध्ये मोडली, अर्धी आत. चुलतभाऊ हुशार, म्हणाला उरलेल्या तुकड्याला झटपट चिकटणारा गोंद लावू आणि ओढू. गोंद लॉकमध्ये उतरला. मग लॉकसेट, मजुरी, सगळंच. स्वस्तात पडू नका.

बुलेटराजा_जळगाव
बघा. शेवटी लॉकसेटच.

गॅरेजवाला_पारोळा
तो दोष चावीचा नाही, भावाचा. मोडलेला तुकडा बारीक चिमट्याने किंवा करवतीच्या पातळ पात्याने हळूच ओढायचा, आत ढकलायचा नाही. आणि चावी का मोडते? लॉक जड फिरतं आणि माणूस जोर लावतो. आपल्याकडे उन्हाळाभर धूळ, ती लॉकमध्ये बसते. वर लोक इंजिन ऑइल ओततात, मग धुळीचा चिखल होतो.

गार्डसाहेब_भुसावळ
ऑइलच घालावे. मी चेतकला आजवर ऑइलच घातले.

गॅरेजवाला_पारोळा
साहेब, तुमची चेतक घरात झाकलेली असते. याची गाडी केळीच्या बागेत उभी राहते. पेन्सिलचं शिसं किसून भुकटी करा, चावीला चोळा, चावी चार वेळा आतबाहेर करा. कोरडं राहतं, धूळ धरत नाही.

गार्डसाहेब_भुसावळ
मी माझे मत मांडले.

धुळेकर_भाऊ
काकाना चेतकले हात लावू नका रे.

आसोद्याचं_वांगं
पितळी की लोखंडी हा प्रश्न तसाच राहिला. माझ्या मते लोखंडी. पितळीच्या खाचा लवकर झिजतात.

गॅरेजवाला_पारोळा
आतल्या पत्र्या पितळेच्या. कडक चावी रोज घातली तर चावीऐवजी पत्र्या झिजतील. म्हणून मुलामा दिलेली पितळी मिळाली तर ती घ्या, खिशात ठेवताना इतर किल्ल्यांच्या जुडग्यात लटकवू नका. जुडग्याच्या वजनानेच इग्निशन लवकर सैल होतं. आणि एक, टाकी मूळ चावीनेही अडते आहे, तर चावीवाल्याला सांगा की टाकीच्या झाकणावर बसवून दे. ते लॉक कमी वापरातलं. फक्त झाकणात पत्र्या बहुधा कमी असतात, म्हणून नंतर इग्निशनला जुळवून घ्यायलाच लागेल.

केळीचा_घड
एवढं तं आमच्या डॉक्टरनं पन समजावलं नाही.

चोपडेकर_७१
मंडळी, सगळ्यांचे आभार. शनिवारचं जळगावचं काम रद्द झालं. आठवडी बाजारात भांड्यांना कल्हई करणाऱ्याच्या शेजारी एक जण कानस घेऊन बसतो, मशीन नाही, नुसत्या हाताने घासून करतो. त्याच्याकडून एकच करून घेतली, साठ रुपये. लोखंडी. गाडी सुरू होते, हँडल लॉक होतं, साईड कव्हर उघडतं. टाकी उघडत नाही.

गॅरेजवाला_पारोळा
पैसे आधी दिले ना?

चोपडेकर_७१
हो. पण परत जाणार नाही. ही चावी शालकांना दिली आहे. तसंही पेट्रोल ते कधीच भरत नव्हते, आता भरायला सांगायचीही सोय नाही, पण टाकीतून काढून स्वतःच्या गाडीत टाकणं बंद झालं. मूळ चावी माझ्याकडे. वडील म्हणाले, त्यांना सायकल बरी.

खानदेशी_कन्या_शहादा
पोलीस स्टेशनला नोंद केली का?

बुलेटराजा_जळगाव
साठ रुपये पाण्यात. लॉकसेट घेतला असता तर टाकीपण उघडली असती.

धुळेकर_भाऊ
तो कानसवाला लोखंडी कपाटनी चावी बी करस का? आमना कपाटमा बायकोना दागिना शेतस आन् चावी सासरवाडीले ऱ्हायनी.

आसोद्याचं_वांगं
कपाटाचा वेगळा धागा काढा भाऊ. आणि सासरवाडी कुठली तेही लिहा, नाहीतर परत कोणीतरी धुळ्याला पाठवेल.