ठरलं म्हणजे कोणी ठरवलं?

सचिव, अ १०२: नमस्कार. रविवारच्या सभेच्या इतिवृत्ताचा कच्चा मसुदा टाकतेय. विषय ४ पाहा: "गच्चीच्या गळतीचे काम पावसाळ्यानंतर करावे असे ठरले." दुरुस्ती सुचवायची असेल तर आज रात्रीपर्यंत सांगा.

ब २०२: कोणी ठरवलं?

सचिव, अ १०२: काकू, सभेतच ठरलं ना. तुम्हीही होतात.

ब २०२: होते, म्हणूनच विचारतेय. सात-आठ जण बोलले, दोघं म्हणाले पावसाळ्याआधी करा, मग पार्किंगचा विषय निघाला आणि गच्ची मागे पडली. हात कोणी वर केला नाही, कोणी मोजलेही नाहीत. "ठरले" हा शब्द नेमका कुठल्या क्षणी खरा झाला ते मला सांग. कामाला माझा विरोध नाही गं, या वाक्याला आहे.

क ५०१: काकू, हा माझ्या रोजच्या कामातला प्रश्न आहे, म्हणून मध्ये बोलते. मी जपानी दुभाषी आहे. जपानीत किमेरु म्हणजे ठरवणे आणि किमारु म्हणजे ठरणे. आपल्यासारखीच जोडी, एकात कर्ता आहे, दुसऱ्यात गोष्ट आपोआप जागेवर बसल्यासारखी. बैठकीत समोरचे म्हणतात "किमारिमाशिता", ठरलं. मराठीत सांगायला मला क्षणभरही थांबावं लागत नाही. इंग्रजीत मात्र अडते. कर्ता घातला तर समोरच्याने न सांगितलेली गोष्ट मी सांगितल्यासारखी होते. "इट वॉज डिसायडेड" म्हटलं तर ऐकणाऱ्याला वाटतं काहीतरी लपवतायत.

क ५०१: आणि अजून एक. जपानी माणूस स्वतःच्या लग्नाची बातमी देताना पुष्कळदा म्हणतो, "केक्कोन सुरु कोतो नि नारिमाशिता." शब्दाला शब्द लावला तर "लग्न करायचं असं झालं." दोघांनी अगदी स्वतःच्या मनाने ठरवलेलं असतं, तरीही. "लग्न करायचं असं केलं" असंही म्हणता येतं, कोतो नि शिमाशिता. पण चारचौघांत ते जरा "मी, मी" केल्यासारखं वाटतं. पहिल्यांदा शिकले तेव्हा वर्गात बाकीच्यांना हे समजावून घ्यायला वेळ लागला. मला लगेच कळलं, कारण आपण काय म्हणतो? "माझं लग्न ठरलं."

अ ३०४: सुंदर! हे कधी लक्षातच आलं नव्हतं.

ब ४०३: मीही थोडं लिहितो. अनुवादात आयुष्य गेलं, त्यामुळे या विषयावर गप्प बसवत नाही. "ठरणे" याचा जुना अर्थ थांबणे, टिकणे, स्थिर होणे. हिंदीतल्या ठहरनाशी त्याचं नातं आहे. आपण आजही म्हणतो "नजर ठरत नाही", तिथे निर्णयाचा काही संबंध नाही, नजर एका जागी थांबत नाही एवढंच. म्हणजे मराठीत निर्णय होतो तेव्हा मनात काहीतरी हलायचं थांबतं. आता गंमत पाहा. अरबीत करार या शब्दामागे हाच अर्थ आहे, स्थिर होणे. हिंदी-उर्दूतला बेकरार म्हणजे ज्याचं मन ठरत नाही तो. तोच करार तुर्की भाषेत गेला आणि तिथे त्याचा अर्थ झाला निर्णय. आपल्याकडे आला आणि झाला दोन पक्षांमधला लेखी करार. ठराव आणि करार हे दोन शब्द वेगवेगळ्या घरांतून आले, पण पोटात चित्र एकच.

अ ३०४: काका, तुर्कीतली एक गोष्ट मला फार आवडते. तिथे "मी ठरवलं" हे रोजच्या बोलण्यात "करार वेरदिम" असं म्हणतात, म्हणजे "निर्णय दिला". आपल्याकडे निर्णय देतो तो पंच नाहीतर न्यायाधीश, दुसऱ्यांच्या भांडणात. मी नोकरी सोडायचा निर्णय "दिला" असं आपण म्हणणारच नाही. तुर्की माणूस स्वतःच्याच मनातल्या वादात न्यायाधीश होऊन बसतो. घेण्याचं क्रियापदही त्यांच्याकडे आहे, पण ते जास्त करून समिती, मंडळ, सरकार यांच्यासाठी.

क १०३: म्हणजे "निर्णय घेणे" हे इंग्रजीवरून उचललंय का? आम्हाला शाळेत सांगितलं होतं की शुद्ध मराठीत "निर्णय करणे" म्हणा.

अ ३०४: मी फ्रेंच आणि जर्मन शिकवतो, त्यामुळे तेवढंच खात्रीने सांगतो. फ्रेंचमध्ये निर्णय "घेतात", प्रांद्र. इटालियन, स्पॅनिश, पोर्तुगीज, डच, सगळीकडे घेतातच. इंग्रजीत मेक जास्त चालतं, टेकही चालतं, विशेषतः ब्रिटिश वळणाच्या इंग्रजीत. जर्मनमध्ये मात्र "ट्रेफन", म्हणजे गाठणे, भेटणे, नेम लागणे. विद्यार्थी दर वर्षी विचारतात की निर्णयाला भेटायचं कसं. मी त्यांना नेमबाजाचं उदाहरण देतो. हंगेरियनमध्ये निर्णय "आणतात", आणि त्यांचा निर्णय हा शब्द ज्या क्रियापदावरून आलाय त्याचा अर्थ कलंडवणे, पाडणे. झाड पाडायलाही तेच क्रियापद. निर्णय झाला म्हणजे उभं असलेलं काहीतरी एका बाजूला पडलं, आता परत उभं करता येणार नाही.

ब ४०३: क १०३, "निर्णय घेणे" अशुद्ध आहे असं मी तरी मानत नाही. हरकत घेणे, माघार घेणे, शपथ घेणे, जबाबदारी घेणे, मनावर घेणे. या सगळ्यात माणूस काहीतरी स्वतःच्या अंगावर घेतो. निर्णय घेणारा परिणामही घेतो, म्हणून ते त्या कुटुंबात शोभतं. बंगालीत घेतात, तमिळ, तेलुगू, मल्याळममध्येही घेतात. निर्णय या शब्दात मात्र घेणं नाही. निर् अधिक नी, म्हणजे बाहेर नेणे. गुंत्यातून वाट काढत बाहेर नेणं. मला विचाराल तर या यादीतला सगळ्यात सोशिक शब्द तोच.

क १०३: काका, कोरियन सांगू? मी दोन वर्षं शिकतेय. एखादी गोष्ट मनाशी पक्की केली तर ते म्हणतात "माउमुल मॉक्ता". माउम म्हणजे मन, मॉक्ता म्हणजे खाणे. मन खाल्लं म्हणजे ठरवलं!

ब ४०३: वा! आणि आपल्याकडे "मन खातं" म्हणजे केलेल्या गोष्टीचं शल्य. तेच दोन शब्द. त्यांच्याकडे माणूस मनाला खातो, तेव्हा निर्णय होतो. आपल्याकडे मन माणसाला खातं, निर्णय झाल्यानंतर. हे मी आजवर ऐकलं नव्हतं. तू मला आज फार मोलाचं काही दिलंस.

क ५०१: जपानीत पोट आहे. "हारा ओ किमेरु", पोट ठरवणं. खरा निर्धार डोक्यात नाही, पोटात होतो.

अ ३०४: आणि कापणं? ते तर जगभर आहे.

ब ४०३: तेच लिहीत होतो. डिसाइड हा लॅटिनमधून आलेला शब्द, मुळात कापून टाकणे. होमिसाइडमधलं "साइड" त्याच धातूचं. अरबी फैसला, त्याचा धातू वेगळं करणे, तोडणे या अर्थाचा. फसल हा शब्दही त्याच धातूतला, ऋतू ऋतूपासून तुटतो म्हणून. जर्मन एंटशायडुंगमध्ये शायडन म्हणजे विभक्त होणे, घटस्फोटालाही तोच धातू. आपला निवाडा निवडण्यातून आला, आणि निवडणं म्हणजे खडे एकीकडे, दाणे एकीकडे. इतकं करूनही समाधान झालं नाही म्हणून आपण "एक घाव दोन तुकडे" घडवलं. मला यातलं निवाडाच जवळचं वाटतं. घाव घालायला एक क्षण लागतो, निवडायला बसावं लागतं.

क ५०१: केत्सुदान, निर्णयासाठीचा जरा भारदस्त शब्द. त्यातलं दुसरं अक्षर कापण्याचं, पण पहिल्याच्या डाव्या बाजूला पाण्याची खूण आहे. चिनी लिपीत त्या अक्षराचा मूळ अर्थ बांध फुटून पाणी वाहणे. साठत साठत गेलं आणि एका जागी फुटलं. मला तरी मोठे निर्णय असेच होताना दिसलेत. आणि हा केत्सुदान घेत नाहीत, देत नाहीत, "खाली उतरवतात". कोरियनमध्येही तसंच आहे ना?

क १०३: हो, नेरिदा, खाली आणणे.

अ ३०४: आणि काही भाषांमध्ये निर्णय म्हणजे सरळ शेवट. तमिळमध्ये मुडिवु म्हणजे शेवटही आणि निर्णयही. फिनिशमध्येही ठरवणे आणि संपवणे यांना एकच क्रियापद. रशियनमध्ये निर्णय आणि गणिताचं उत्तर यांना एक शब्द, रेशेनिये. त्यामुळे रशियन वाचताना दर वेळी पाहावं लागतं की प्रश्न सुटला की फक्त ठराव झाला.

ब ४०३: बंगालीत सिद्धांत म्हणजे निर्णय. सुरुवातीच्या काळात एका बातमीत "मंत्रिमंडळाचा सिद्धांत" वाचून मी बराच वेळ विचार करत बसलो की मंत्रिमंडळाने कुठला सिद्धांत मांडला. अंत हा शब्द त्यातही आहेच.

ब २०२: सगळं वाचलं. मनापासून आवडलं. पण माझा प्रश्न तिथेच आहे, आणि आता तो का विचारला तेही सांगते.

ब २०२: दहावीनंतर मला चित्रकलेला जायचं होतं. एक दिवस घरी आले तर आई म्हणाली, तुला कॉमर्सला घालायचं ठरलंय. मी विचारलं, कोणी ठरवलं? म्हणाली, अगं, ठरलं. बाबांना विचारलं, तेही म्हणाले, आता ठरलंय ना. बाबा "मी ठरवलं" म्हणाले असते तर मी त्यांच्याशी भांडले असते, रडले असते, कदाचित हरलेही असते. पण "ठरलं" याच्याशी भांडायला समोर माणूसच नव्हता. पन्नास वर्षं झाली. ते वाक्य अजून कानात आहे. म्हणून इतिवृत्तात "असे ठरले" दिसलं की माझा हात आपोआप वर जातो.

सचिव, अ १०२: काकू, हे माहीत नव्हतं. माफ करा, मी सवयीने लिहिलं.

ब २०२: तुझी काहीच चूक नाही गं. सगळे तसंच लिहितात.

ब ४०३: वहिनी, तुमचं पटतं. आणि तरीही "ठरलं" या शब्दाचं माझ्यावर ऋण आहे. वडील रुग्णालयात होते. आम्ही चार भावंडं. आणखी एक शस्त्रक्रिया करायची की त्यांना घरी न्यायचं, असं विचारलं गेलं. रात्रभर आम्ही बाकावर बसून होतो. प्रत्येकजण बोलला, धाकटा सगळ्यात शेवटी. पहाटे ताईने एकेकाच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "मग ठरलं." ती "मी ठरवते" म्हणाली असती तर तो भार जन्मभर तिच्या एकटीवर राहिला असता. मी म्हटलं असतं तर माझ्यावर. त्या एका क्रियापदाने तो चौघांवर सारखा वाटला. वडील पुढे अकरा दिवस घरी होते. आमच्यापैकी कोणी कोणाला पुढे कधी दोष दिला नाही. हे मला "निर्णय घेतला" या शब्दांत सांगताच येत नाही.

ब २०२: भाऊजी, तुमच्या ताईंनी आधी प्रत्येकाकडे पाहिलं. माझं ठरलं तेव्हा मी खोलीतही नव्हते.

ब ४०३: खरं आहे. ताई कोणाकडे न बघता तेच म्हणाली असती, तर वाक्य तेच राहिलं असतं आणि आम्ही चौघं आज बोलत नसतो.

क ५०१: जपानी बैठकांमध्ये यासाठीच आधी प्रत्येकाकडे जाऊन बोलून घेतात. नेमावाशी म्हणतात. मूळचा शब्द बागकामातला, झाड दुसरीकडे हलवण्याआधी त्याच्या मुळांभोवती खणून ती तयार करणे. ते झालेलं असेल तर बैठकीतलं "किमारिमाशिता" खरं असतं. झालेलं नसेल तर लोक मान डोलावतात आणि काम पुढे सरकत नाही. दुभाषी म्हणून दोन्ही वेळा मला शब्द तोच मिळतो.

अ ३०४: मग इतिवृत्तात काय लिहायचं? "सर्वानुमते ठरले" म्हणता येणार नाही, कारण दोघांनी विरोध केला होता. "बहुमताने ठरले"ही नाही, मतं मोजलीच नाहीत.

ब ४०३: सभेच्या भाषेत याची सोय आधीच आहे. "ठराव" लिहिला की त्याखाली सूचक आणि अनुमोदक लिहावेच लागतात. क्रियापद कर्त्याशिवाय चालतं, ठराव दोन नावांशिवाय चालत नाही.

सचिव, अ १०२: विषय ४ बदलते. "गच्चीच्या गळतीच्या कामाबाबत चर्चा झाली. काम पावसाळ्याआधी करावे असे दोन सभासदांचे मत होते. मतदान झाले नाही. निर्णय झाला नाही. पुढील सभेत ठराव मांडण्यात यावा." काकू, चालेल?

ब २०२: "मांडण्यात यावा" कोणी?

सचिव, अ १०२: बरोबर. "सचिवांनी पुढील सभेत विषय घ्यावा." म्हणजे मी. आणि ठरावाला सूचक कोण?

ब २०२: मी. काम पावसाळ्यानंतरच करावं, ओल्या स्लॅबवर केलेलं टिकत नाही. माझं नाव घाल.

क ५०१: अनुमोदक, क ५०१.

अ ३०४: विरोधी मतांमध्ये माझं एक होतं, तेही नावासकट लिहा. सभेत मी परत बोलणार आहे.