सत्तरीनंतर लायसन्ससाठी पुन्हा टेस्ट: सध्याचा नियम काय, आणि तपासायला काय हवं?

वाडीचा_कट्टा
नमस्कार मंडळी. सत्तरीपुढच्या चालकांची दर नूतनीकरणाला पुन्हा ड्रायव्हिंग टेस्ट घ्यावी, असं निवेदन वडोदरा आरटीओला द्यावं का, यावर आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळात दोन तट पडलेत. एकांचं म्हणणं, मांडवी-न्यायमंदिरच्या गर्दीत आता हयगय नको. दुसरे म्हणतात, गाडी काढून घेतली की माणूस घरात कोंडला जातो. सध्या कायदा नेमका काय सांगतो? आणि टेस्ट घ्यायचीच तर कशाची? मोघम मतं नकोत, तपशील हवा.

कलम_चौदा
निवेदन आरटीओला देऊन काही होणार नाही. लायसन्सची मुदत केंद्राच्या मोटार वाहन कायद्यात कलम १४ खाली ठरते, त्यामुळे ते केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाकडे जायला हवं. २०१९च्या दुरुस्तीनंतर खाजगी वाहनांसाठी हिशेब असा: नूतनीकरणाच्या वेळी वय ३० ते ५० असेल तर १० वर्षं, ५० ते ५५ असेल तर साठ पूर्ण होईपर्यंत, आणि ५५ नंतर दर वेळी ५ वर्षं. म्हणजे ७१व्या वर्षी रिन्यू केलं की थेट ७६पर्यंत कोणी विचारत नाही. या वयात पाच वर्षं फार झाली, असं माझं स्पष्ट मत आहे.

ड्रायव्हिंग टेस्ट वयामुळे होत नाही, उशिरामुळे होते. मुदत संपण्याच्या एक वर्ष आधीपासून ते संपल्यावर एक वर्षापर्यंत अर्ज करता येतो. त्यानंतर गेलात तर टेस्ट द्यावी लागते. मुदत संपल्यावर पूर्वी ३० दिवस लायसन्स चालायचं, ती सवलत २०१९ला गेली. त्यामुळे दुसऱ्या दिवसापासून गाडी काढू नका, अपघात झाला तर विम्याचं प्रकरण अडतं.

चाळिशीनंतर डॉक्टरांचा फॉर्म १-ए लागतो: २५ मीटरवरून नंबर प्लेट वाचता येणं, लाल-हिरवा ओळखणं, रातांधळेपणा, ऐकू येणं. कच्चा दुवा इथेच आहे. न तपासता सही झाली तर सगळी व्यवस्था कागदावरच राहते. कलम १६ मात्र कोणी वाचत नाही. आजार किंवा अपंगत्वामुळे माणूस गाडी चालवायला योग्य नाही असं मानायला सबळ कारण असेल, तर परवाना अधिकारी कधीही नवं वैद्यकीय प्रमाणपत्र मागू शकतो, लायसन्स रद्दही करू शकतो. तिथे वयाची अट नाही.

नजर_आणि_मान
२५ मीटर म्हणजे लहान मोटारी एकामागे एक लावल्या तर साधारण सहा. एकेक डोळा झाकून वाचा. भर उन्हात वाचली म्हणून निश्चिंत होऊ नका. मोतीबिंदू सुरू झाला की दिवसा अक्षरं दिसतात, पण रात्री समोरच्या हेडलाइटचा प्रकाश डोळ्यांत पसरतो आणि काळ्या कपड्यांतला पादचारी दिसेनासा होतो. काचबिंदू त्याहून फसवा: मधली नजर शाबूत राहते आणि कडेची हळूहळू जाते, माणसाला कळतही नाही. प्लेट वाचून तो सापडत नाही, त्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे कडेची नजर मोजणारी फील्ड टेस्टच करावी लागते.

घरी करता येण्याजोगं: १० फूट भरभर चालत जाऊन वळून परत या. ९ सेकंदांच्या वर लागले तर पाय मंदावले समजा. कागदावर आकडे आणि अक्षरं विखरून लिहा आणि १-क-२-ख-३-ग अशी रेघ जोडायला सांगा. तीन मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागला किंवा वारंवार चुकलं तर डॉक्टरांकडे नीट तपासणी करा. हा निकाल नव्हे, फक्त इशारा.

औषधंही बघा. सर्दीच्या काही गोळ्या आणि झोपेची अल्प्राझोलाम सकाळपर्यंत सुस्ती ठेवतात. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड घेणाऱ्यांनी निघण्याआधी साखर मोजावी. ९० खाली असेल तर आधी खावं, मग किल्ली हातात घ्यावी.

क्लच_ब्रेक
आमच्या आरटीओच्या ड्रायव्हिंग टेस्टच्या सेन्सर लावलेल्या ट्रॅकवर काय असतं? आठचा आकडा, समांतर पार्किंग, रिव्हर्समध्ये एस, आणि चढावर थांबून मागे न घसरता गाडी उचलणं. चाळीस वर्षं स्टीअरिंग धरलेला माणूस हे करून दाखवतो, पण ट्रॅकवर समोरून कोणी येत नाही. वयाबरोबर घटतं ते एका क्षणात तीन गोष्टींकडे लक्ष देणं, आणि ते दिसतं सिग्नल नसलेल्या चार रस्त्यावर उजवीकडे वळताना. समोरच्या बाइकचा वेग जोखायचा, डावीकडून घुसणारी रिक्षा बघायची, आणि पुढच्या काचेच्या उजव्या खांबाआड लपलेला पादचारी मान पुढे काढून शोधायचा. टेस्ट घ्यायची तर या वळणाची घ्या.

दुसरी जागा म्हणजे रिव्हर्स. मागे वळून बघताना कंबर फिरते, त्याबरोबर उजवा पाय सरकतो आणि ब्रेकच्या जागी एक्सिलरेटर दाबला जातो. ऑटोमॅटिक गाडीत सावरायला क्लचही नसतो. टाच ब्रेकच्या रेषेत जमिनीवर टेकवून ठेवा, आधी वळून बघा, मग गाडी सोडा. मान तपासायला बेल्ट लावून बसवा आणि कोणीतरी १० फूट मागे तिरकं उभं राहून बोटं दाखवावीत. मोजता आली नाहीत तर रिव्हर्स स्वतः करू नये.

सरसकट टेस्टला माझा विरोध आहे. जपानने २०२२पासून ७५च्या पुढे ज्यांच्या नावावर ठरावीक वाहतूक गुन्हे आहेत त्यांनाच गाडी चालवून दाखवायला लावलंय. आकलनाची चाचणी त्या वयात नूतनीकरणाला सगळ्यांना असते. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समध्ये ८५ नंतर रस्त्यावरची चाचणी द्या किंवा ठरावीक परिसरापुरतं लायसन्स घ्या, असा पर्याय आहे. हा पर्याय आपल्याकडे यावा असं मनापासून वाटतं. घरापासून भाजीबाजार आणि दवाखान्यापर्यंत, तेही दिवसा, एवढी मोकळीक बहुतेकांना पुरते.

वाडीचा_कट्टा
खूप उपयोगी. एक शंका: मोटार सोडून फक्त स्कूटर ठेवायची असेल तर?

कलम_चौदा
सारथी या लायसन्सच्या सरकारी वेबसाइटवर वाहनाचा एकच वर्ग परत करण्याची सोय आहे. बाकीचं लायसन्स चालू राहतं. पण स्कूटर म्हणजे सुरक्षित, असं धरू नका. सिग्नलला पाय टेकवून गाडी सरळ धरता येते का आणि उतारावर ती मागे ढकलता येते का, हे आधी बघा.