डिस्कस : चर्चा, खल की वाटाघाटी?

डिस्कसला मराठीत सरसकट चर्चा करणे असंच म्हणायचं का? एका भाषांतरात दर दोन ओळींनी चर्चा चर्चा येतंय, वाचायला अगदीच रटाळ वाटतं. शिवाय 'डिस्कस अबाउट' चूक आहे असं कोणीतरी म्हणालं, का चूक ते नाही सांगितलं.

——

अबाउटचं आधी उरकतो. डिस्कस क्रियापद असेल तर विषय थेट येतो, 'लेट्स डिस्कस द प्लॅन', मध्ये काही नको. डिस्कशन हे नाम असेल तर अबाउट किंवा ऑन चालतं. आपण मनात 'प्लॅनबद्दल चर्चा' असं जुळवतो आणि तो 'बद्दल' तिकडे अबाउट होऊन शिरतो, बाकी काही नाही.

आता अर्थ. मूळ लॅटिन, हलवून सुटं सुटं करणे असा अर्थ. पर्कशन (आघात करून वाजवणं) आणि कन्कशन (डोक्याला बसलेला हादरा) त्याच घरातले (थाळीफेकीतली डिस्कस वेगळी हं, ती ग्रीक, स्पेलिंगही वेगळं). पूर्वी इंग्रजीत औषधाने गाठ किंवा सूज विरवणे यालाही डिस्कस म्हणायचे, आणि गमतीत एखादी बाटली किंवा जेवण फस्त करणे यालाही! हे अर्थ आता गेले, पण विषय सुटा करून बघायचा हा भाव अजून आहे, म्हणून तर परीक्षेत प्रश्नाच्या शेवटी 'डिस्कस' असतं तेव्हा दोन्ही बाजू मांडून लिहायचं असतं, तिथे बोलायला समोर कोणीच नसतं.

मराठीत मात्र कोण कशासाठी बोलतंय त्यावर शब्द बदलतो. देवाणघेवाण ठरवायची असेल तर बोलणी किंवा वाटाघाटी, पण त्यासाठी इंग्रजीत निगोशिएट आहे, डिस्कसला उगाच वाटाघाटी करू नका. निर्णयाआधी जाणत्यांना विचारणं म्हणजे सल्लामसलत, गुपचूप असेल तर खलबत. वादविवाद म्हणजे डिबेट, त्यात हारजीत असते, डिस्कसमध्ये असेलच असं नाही.

——

आणि खल, ऊहापोह?

——

खल करणे म्हणजे एकच गोष्ट घोटत बसणे, औषध घोटायचा खल आठवा, त्यामुळे जरा कंटाळ्याची छटा येते. ऊहापोह म्हणजे बाजूने आणि विरुद्ध असा दोन्ही तर्क, लेखात कुठला प्रश्न डिस्कस केलाय तिथे हा फिट बसतो, पण दोन मित्र सुट्टीचा ऊहापोह करतायत असं लिहिलंत तर वाचणारा हसेल. तिथे सरळ 'बोलले', 'बोलून ठरवलं' लिहा ना, निम्म्या ठिकाणी तेवढ्यावर भागतं.

फक्त ऑफिसातलं 'डिस्कस करून सांगतो' असेल तर संदर्भ बघा. बऱ्याचदा त्याचा अर्थ 'आत्ता हो म्हणत नाहीये' एवढाच असतो आणि तिथे 'बघतो, कळवतो' जास्त खरं वाटतं.