"टोचायला आलेत!" – शाळेतल्या लसीकरणाचे अनुभव

मुक्ता_सा: लेक पाचवीत आहे. आज दप्तरातून चुरगळलेला कागद निघाला, टीडीच्या (धनुर्वात-घटसर्पाच्या) लशीसाठी पालकांची संमती. सही करता करता आमची शाळा आठवली. आम्हाला कोण विचारतंय संमती! शिपाईकाका दारात येऊन बाईंच्या कानाशी काहीतरी पुटपुटायचे आणि मागच्या बाकावरून कुजबुज सुरू व्हायची, "टोचायला आलेत!" एरवी गणित नकोसं असणारेही एकदम फळ्याकडे डोळे लावून बसायचे. व्हरांड्यात स्टोव्हवर सुया उकळायचं भांडं, काचेची सिरिंज आणि स्पिरिटचा वास. लिहा तुमचंही.

खारूताई_७: स्पिरिट म्हटलंस आणि दंड आखडला. बाकीचं उद्या वाचते, कुकर लावलाय.

गॅलरीतला_बोका: आमच्या वर्गातला एक जण दरवेळी संडासात लपायचा. हेडसर आधी तिथेच जायचे. कबड्डीच्या संघातलं सगळ्यात मोठं धूड होतं ते!

निवांत_आजोबा: तुमच्या सुया म्हणजे काहीच नाही. आमच्या दंडावर देवीच्या टोचणीचे वण आहेत, रुपयाएवढे. १९७५ नंतर देशात देवीचा रुग्ण नाही, १९८० साली जगातून गेल्याचं जाहीर झालं. नातू विचारतो, आजोबा हे काय भाजलं? सांगितलं, लढाईत लागलं. अजून खरं वाटतंय त्याला.

खडू_आणि_फळा: मी शिक्षिका. गोवर-रुबेलाची मोहीम, २७ नोव्हेंबर २०१८ पासून. ९ महिने ते १५ वर्षांच्या आतली सगळी मुलं, म्हणजे जवळजवळ पूर्ण शाळाच. आदल्या आठवड्यात व्हॉट्सॅपवर काय काय फिरत होतं, आठवतंय? मुलं होणार नाहीत, अमुक होईल, तमुक होईल. पालकसभेत एक आई उभी राहिली, "माझ्या मुलाला गोवराची आधीच दिलीय, परत कशाला?" आधी घेतली असली तरी या मोहिमेत द्यायची होती, हे आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनी समजावलं. "आणि मुलग्यांना रुबेला कशाला?" यावर ते म्हणाले, पोराला झाला तर साधा ताप-पुरळ, पण त्याच्यापासून घरातल्या गरोदर बाईला झाला तर बाळाचे डोळे, कान, हृदय, काहीही जाऊ शकतं. सभा गप्प. नंतर बऱ्याच चिठ्ठ्या सही होऊन आल्या. सगळ्या नाही.

प्रत्यक्ष दिवशी खरा त्रास सुईचा नव्हता, रांगेचा होता. पुढची मुलगी घेरी येऊन बसली की मागच्या चारजणी पांढऱ्याफटक. मग टोचायची खोली वेगळी केली, दार लोटलेलं, बाहेर पडायचं ते दुसऱ्या दाराने. टोचल्यावर अर्धा तास बसवून ठेवायचं होतं, तेव्हा गाण्यांच्या भेंड्या. डाव्या अंगठ्याला शाई लावत, ती मात्र सगळे मिरवत होते, मतदान केल्यासारखी.

खारूताई_७: भेंड्यांची आयडिया मस्त. कुकर झाला.

सिस्टर_ऑन_ड्यूटी: @खडू, तुम्हाला आमचा राग आला असणार, "आधी मुलं बसवा, मग बाटली उघडते" म्हणून आम्ही अडून बसायचो. गोवर-रुबेलाची पावडर पाण्यात मिसळली की चार तासांत संपवायची, उरलेली फेकायची. आणि शाळा म्हणते, सातवी ब अजून पीटीला गेलीय! बाकी काचेच्या सिरिंजचे दिवस संपले हो. आताच्या सुईने एकदा टोचलं की तिचा दट्ट्या अडकतो, परत वापरताच येत नाही.

खडू_आणि_फळा: सातवी ब ना, कायमच पीटीला असते ती.

पीजे_सम्राट: टोचून बोलणारे शिक्षक असताना वेगळ्या नर्स कशाला? (दिवे घ्या)

बारावी_पास_झालो: आमची कोविडची लस. १५ ते १८ वाल्यांना ३ जानेवारी २०२२ पासून कोव्हॅक्सिन चालू झाली, आमच्या शाळेत कॅम्प लागला. लस गेली खड्ड्यात, सगळे किती महिन्यांनी समोरासमोर! मुलांचे आवाज फुटलेले, एकाला मिशी. मास्कमुळे मी भलत्याच मुलीला हाय केलं.

गॅलरीतला_बोका: मग पुढे? भलतीचं काय झालं?

बारावी_पास_झालो: दुसऱ्या डोसला भेटलो परत. बाकी खाजगी.

रानजाई: मुक्ता, तुझी लेक पाचवीत?? बारशाचे फोटो आत्ता तर टाकलेले तू! असो. मुलींची गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची लस शाळेत द्यावी असं फार वाटतं. सिक्कीमने २०१८ मध्ये ९ ते १३ च्या मुलींना शाळांमधूनच दिली. घरून एकेकीला दवाखान्यात नेणं कुठल्या आईबापांना जमतंय, आणि त्या वयात मुली ऐकतात कुठे.

मुक्ता_सा: रानजाई, आता ती माझ्याच चपला घालते बाई. मला एक सांगा, मोठ्याची १६ वर्षांची टीडी राहिलीय. तो आता ज्युनियर कॉलेजात, तिथे कोणी आलंच नाही.

सिस्टर_ऑन_ड्यूटी: जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात पाठवा, लसीकरणाच्या दिवशी. फुकट मिळते. टीटीची टीडी झालीय, धनुर्वाताबरोबर घटसर्पही त्यातच. जुनं कार्ड असेल तर द्या सोबत, नसेल तरी या. रिकाम्या पोटी पाठवू नका, ही उंच पोरंच आधी कोसळतात.

पीजे_सम्राट: कबड्डीवाल्या धुडाला पण कळवा.