मदत हवी आहे: सेकिरोमध्ये गेनिचिरोचा पुढचा वार आधी कसा ओळखायचा?

पीएस४ वर सेकिरो (२०१९) हा तलवारबाजीचा गेम खेळतोय. आशिना किल्ल्याच्या माथ्यावर गेनिचिरो या बॉसपाशी (मोठ्या शत्रूपाशी) तीन आठवडे अडकलोय. पहिला टप्पा आता बहुतेक वेळा पार होतो, दुसऱ्यात मरतो.

नेमकी अडचण अशी: तो उंच उडी मारून वरून वार करतो, तो मी अडवतो. लगेच लाल अक्षर (धोक्याच्या वाराची खूण) चमकतं आणि मग तो कधी तलवार सरळ भोसकतो, कधी पायाजवळून आडवी फिरवतो. भोसकली तर मिकिरी (तलवार पायाखाली दाबायची चाल), आडवी आली तर उडी, हे माहीत आहे. पण अक्षर दोन्हींना तेच! मी अंदाजाने बटण दाबतो आणि निम्म्या वेळा चुकतो.

करून पाहिलेलं: मोडक्या देवळाजवळच्या हानबे या सरावासाठीच्या पात्रासोबत भरपूर सराव, टीव्हीचा गेम मोड (चित्र उशिरा दिसू नये म्हणून) चालू, आवाज हेडफोनवर. गार्ड धरून ठेवला की पोश्चर (वार झेलताना ढळणारा तोल) लवकर सावरतं, तेही वापरतो.

लांब पळत राहून एकेक वार करायचा सल्ला कृपया नको. तलवारीवर तलवार वेळेवर बसली की जो खणकन आवाज येतो, ठिणगी उडते, आणि सलग पाच-सहा वार तसे अडले की अंगात जी लय येते, त्यासाठीच तर हा गेम खेळावासा वाटतो. ती सोडून जिंकण्यात मला रस नाही. या गेममध्ये सोपी पातळी निवडायची सोयही नाही.

तर ज्यांनी त्याला हरवलंय त्यांनी सांगा: उडीनंतर तो जमिनीवर आला की नेमकं कुठे बघायचं? खांदा, तलवारीचं टोक, की पाय?