२४ बेचा अ‍ॅरे, १६ टीबीच्या डिस्क: ग्रुप केवढे पाडायचे? सल्ला हवा

संत्रा_मॅपर
नमस्कार मंडळी. नागपुरात आयटी पार्कजवळ आमचं ड्रोन सर्व्हेचं ऑफिस आहे, काटोल-नरखेडकडच्या संत्र्याच्या बागा अन् उमरेड साइडच्या खाणी असं काम चालते. फोटो अन् ते जोडून बनलेले ऑर्थो नकाशे ठेवून ठेवून जुने एनएएस (नेटवर्कवरचे स्टोरेज डबे) सगळे भरले, म्हणून आता २४ बेचा, म्हणजे २४ डिस्क लावायच्या खाच्यांचा, रॅकवाला अ‍ॅरे घेऊन राहिलो. डिस्क १६ टीबीच्या, एंटरप्राइझ सॅस (सर्व्हरवाल्या). व्हेंडर म्हणते की २३ डिस्कचा एकच रेड ५ ग्रुप पाडा (एक डिस्क गेली तरी डेटा वाचते), एक हॉट स्पेअर (गेलेल्या डिस्कच्या जागी आपोआप लागणारी) ठेवा, ३५२ टीबी भेटते, एकच मोठा ड्राइव्ह दिसते, काही झंझट नाही. मले हे काही पटून नाही राहिलं, पण नेमकं काहून ते मालकाले सांगता आलं पाहिजे नं. सध्या डेटा १४० टीबीच्या आसपास, वर्षाला ४०-५० वाढते. सर्व्हरच्या खोलीत एसी एकच. नेटवर्क १० गिग, सहा-सात जण एकाच वेळी त्याच्यावर बसलेले असतात. ग्रुप ८ चा पाडू, १० चा, १२ चा, का खरंच २३ चालते?

रॅक_नंबर_४
भाऊ, २३ चा रेड ५ अजिबात नको. व्हेंडरकडून एकच गोष्ट लेखी घ्या, एक डिस्क गेली तर रीबिल्डला, म्हणजे तिचा डेटा नवीन डिस्कवर परत बनवायला, किती तास लागतील. मी तुम्हाला हिशोब देतो. १६ टीबीची डिस्क, बाहेरच्या ट्रॅकवर स्पीड जास्त अन् आतल्यावर जवळपास निम्मा, सरासरी २०० एमबी पर सेकंद धरा, म्हणजे ८०,००० सेकंद, म्हणजे २२ तास. हे पण कधी, तर अ‍ॅरे नुसता बसून असेल तर. तुमचे सहा-सात जण काम करत असताना कंट्रोलर (डिस्क चालवणारं कार्ड) रीबिल्डला पूर्ण जोर देतच नाही, मेगारेड कंट्रोलरवर रीबिल्ड रेट डीफॉल्ट ३०% असतो, तेव्हा तीन-चार दिवस धरूनच चाला. आता त्या तीन-चार दिवसांत रेड ५ कडे पॅरिटी, म्हणजे गेलेला डेटा परत बनवायचा जास्तीचा हिशोब, शिल्लकच नसते. उरलेल्या २२ डिस्क बहुतेक एकाच लॉटच्या, एकाच वयाच्या, एकाच गरमीत चाललेल्या, अन् नेमक्या त्याच वेळी त्या सगळ्या पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत वाचल्या जातात. त्यातली एक जरी गेली तर ३५२ टीबी गेलं.

अजून एक. डिस्कच्या स्पेकशीटवर न वाचता येणाऱ्या सेक्टरचा आकडा असतो, एंटरप्राइझ डिस्कला बहुतेक दहाच्या पंधराव्या घाताइतक्या बिटमागे एक, म्हणजे साधारण १२५ टीबी वाचल्यावर एक एरर. तुमच्या रीबिल्डमध्ये ३५२ टीबी वाचलं जाणार. खऱ्या डिस्क या आकड्यापेक्षा बऱ्या चालतात, त्यामुळे रीबिल्ड फेल होणारच असं मी म्हणत नाही. पण एक सेक्टर जरी नाही वाचला गेला तर रेड ५ कडे तो परत बनवायला दुसरं काहीच नाही. काही कंट्रोलर रीबिल्ड सोडून देतात, काही तेवढी स्ट्राइप (सगळ्या डिस्कवर पसरलेला डेटाचा एक पट्टा) खराब म्हणून मार्क करून पुढं जातात, त्याला पंक्चर म्हणतात, अन् मग सहा महिन्यांनी कोणाची तरी टिफ फाइल उघडत नाही तेव्हा कळतं.

माझं मत, ११-११ चे दोन रेड ६ ग्रुप (दोन पॅरिटी, दोन डिस्क गेल्या तरी डेटा राहतो) अन् दोन ग्लोबल, म्हणजे कोणत्याही ग्रुपला लागणारे, हॉट स्पेअर. २८८ टीबी.

संत्रा_मॅपर
समजलं दादा, धन्यवाद. पण ३५२ वरून २८८ म्हणजे ६४ टीबी, चार डिस्कचे पैसे. मालक हेच धरून बसते.

बर्डीची_सिसॅडमिन
मालकाला टीबी दाखवू नका, काम दाखवा. बागेचा फोटो हुकला तर पुढच्या हंगामात परत उडवता येईल कदाचित. खाणीचं काय? मागच्या महिन्यात जो ढीग मोजला तो आता उचलला गेला, जिथं उतार होता तिथं खड्डा झाला, ते उड्डाण परत कोणी कितीही पैसे दिले तरी होत नाही, अन् क्लायंटचं बिल त्याच व्हॉल्यूमवर निघतं. हे मालकाला एका मिनिटात समजतं, मी अशाच एका ऑफिसला हेच सांगितलं होतं.

दुसरं, ते ६४ टीबी तुम्हाला आज लागतच नाही. २८८ मधले १५% मोकळे ठेवायचे धरले तरी २४५ उरतात, तुमचे १४० आहेत, वर्षाला ४०-५० म्हणजे दोन वर्षं निघाली. तोवर मोठ्या डिस्क स्वस्त होतील, तेव्हा बाजूला एक्स्पान्शन शेल्फ लावा अन् त्याच मापाचा नवीन ग्रुप पाडा. चालू ग्रुपमध्ये एक-एक डिस्क वाढवायच्या मागं लागू नका, सगळा डेटा परत पसरवत बसतो, दिवसच्या दिवस जातात अन् तेवढे दिवस अ‍ॅरे रांगतो. आणि हो, विंडोज १०२४ च्या हिशोबानं मोजतं, त्यामुळे २८८ च्या ठिकाणी २६२ दिसेल, तेव्हा व्हेंडरशी भांडू नका.

हिंगणा_एमआयडीसी
मी तर ८-८ चे तीन ग्रुप म्हणेन, प्रत्येक ६+२, म्हणजे सहा डिस्क डेटाच्या अन् दोन पॅरिटीच्या. तेवढेच २८८ टीबी येतात, ग्रुप लहान म्हणून रीबिल्ड पण लवकर होतो, अन् २४ च्या २४ डिस्क कामाला लागतात.

रॅक_नंबर_४
रीबिल्ड लवकर होतो हे पूर्ण खरं नाही भाऊ. ८ चा ग्रुप असो का ११ चा, शेवटी नवीन एका डिस्कवर १६ टीबी लिहायचं असतं अन् अडतं तिथंच. लहान ग्रुपचा फायदा वेगळा आहे, दुसरी-तिसरी डिस्क त्याच ग्रुपमधली जायची शक्यता कमी, कंट्रोलरवर वाचायचा भार कमी, अन् रीबिल्ड चालू असताना फक्त एक तृतीयांश डेटाच स्लो होतो. हे फायदे खरे आहेत. पण तुमच्या मांडणीत हॉट स्पेअर एकही नाही. शनिवारी रात्री डिस्क गेली तर सोमवारी कोणी ऑफिसात येईपर्यंत रीबिल्ड सुरूच होणार नाही, कपाटात ठेवलेली स्पेअर आपोआप जाऊन लागत नाही. स्पेअर ठेवून तीन ग्रुप पाडायचे तर ७-७-७ अन् तीन स्पेअर, म्हणजे २४० टीबी, ते मात्र मजबूत होतं.

मुळात हा सगळा वांधा डिस्कचं पोट वाढलं अन् तोंड तेवढंच राहिलं म्हणून आहे. बर्कलेच्या पॅटरसन, गिब्सन अन् कॅट्झ यांनी १९८८ मध्ये रेडचा पेपर लिहिला तेव्हा त्यांनी हिशोबाला घेतलेली लहान डिस्क १०० एमबीची होती अन् सेकंदाला १ एमबी द्यायची. पूर्ण डिस्क वाचायला १०० सेकंद. आज तेच काम २२ तासांचं आहे. एक पॅरिटी पुरते हा विचार त्या १०० सेकंदांच्या काळातला आहे, म्हणून एवढ्या मोठ्या डिस्कवर ग्रुप केवढाही असो, रेड ६ च्या खाली उतरू नका.

फुटाळा_नेटवर्क
मग दोन ग्रुप जोडून सरळ रेड ६० करा नं, एकच व्हॉल्यूम दिसेल, स्पीड पण डबल.

बर्डीची_सिसॅडमिन
नको. रेड ६० मध्ये दोन्ही ग्रुपवर स्ट्राइप पसरलेली असते, एका ग्रुपमधल्या तीन डिस्क गेल्या तर दुसरा ग्रुप धडधाकट असूनही सगळं जातं. दोन वेगळे व्हॉल्यूम ठेवले तर अर्धं वाचतं, एकावर चालू प्रोजेक्ट, दुसऱ्यावर संपलेले. अन् स्पीड घेऊन करणार काय? १० गिगच्या वायरमधून जास्तीत जास्त १२५० एमबी पर सेकंद जातात, प्रत्यक्षात ११०० च्या आसपास. नऊ डेटा डिस्क गुणिले २०० म्हणजे १८०० होतात. मोठ्या फाइलींना एकच ग्रुप वायर भरून टाकतो.

अडचण लहान फाइलींची आहे अन् ती कोणी विचारलीच नाही अजून. भाऊ, तुम्ही ऑर्थोच्या टाइल्स, म्हणजे नकाशाचे चौकोनी तुकडे, कुठे कापता? त्या २५६ बाय २५६ पिक्सेलच्या लाखो पीएनजी असतात, रेड ६ वर प्रत्येक छोट्या राइटला सहा आयओ (डिस्कवरची वाचणं-लिहिणं) लागतात, जुना डेटा अन् दोन्ही पॅरिटी वाचायच्या, मग तिन्ही परत लिहायच्या. मशीन रडतं.

संत्रा_मॅपर
बाप्पा, हेच तर होऊन राहिलं जुन्या एनएएसवर! टाइल्स कापायले लावल्या की बाकीच्यांचं फोल्डर पण नाही उघडत. मले वाटलं नेटवर्कचा प्रॉब्लेम आहे.

बर्डीची_सिसॅडमिन
मग माझी मांडणी बघा. १०-१० चे दोन रेड ६ ग्रुप, म्हणजे ८+२. दोन हॉट स्पेअर. उरलेल्या दोन बेमध्ये दोन एसएसडी मिररमध्ये (दोन्हीवर तोच डेटा), टाइल्स अन् प्रोसेसिंगच्या तात्पुरत्या फाइली सगळ्या तिथं, काम झालं की पक्की फाइल ग्रुपवर हलवायची. २५६ टीबी हातात येतात. ८ डेटा डिस्क असल्या की स्ट्राइप पण सरळ बसते, १२८ केबीचा चंक (एका डिस्कवर जाणारा तुकडा) ठेवला तर आठ मिळून बरोबर १ एमबी, मोठी फाइल लिहिताना पूर्ण स्ट्राइप एकदम जाते अन् आधी जुनं वाचायची गरजच पडत नाही. फक्त ती एसएसडी अ‍ॅरेच्या कंपॅटिबिलिटी लिस्टमध्ये आहे का ते आधी बघा, अन् १६ टीबीचा हॉट स्पेअर चुकून एसएसडी मिररला लागणार नाही अशी सेटिंग करा.

टीबी_टेकडी
मी झेडएफएसवाला, म्हणजे रेडचं काम स्वतःच करणाऱ्या फाइल सिस्टिमचा. हार्डवेअर कंट्रोलर टाळता येत असेल तर डिस्क सरळ एचबीएवर (रेड न करता डिस्क नुसत्या जोडून देणारं कार्ड) लावा अन् १०-१० चे दोन रेड-झेड२ व्हीडेव्ह, म्हणजे रेड ६ सारखे ग्रुप, करा. रीसिल्व्हर (इकडचा रीबिल्ड) फक्त भरलेल्या डेटाचा होतो अन् प्रत्येक ब्लॉकचा चेकसम (तपासणीचा आकडा) असतो, त्यामुळे गुपचूप सडलेली फाइल पकडली जाते, नकाशावाल्यांना हे फार कामाचं आहे. पण एक लक्षात असू द्या, पूलमधला, म्हणजे सगळे व्हीडेव्ह मिळून झालेल्या स्टोरेजमधला, एक व्हीडेव्ह गेला की पूर्ण पूल जातो, वर ताईंनी रेड ६० बद्दल सांगितलं तेच. ओपनझेडएफएस २.३ पासून, म्हणजे २०२५ पासून, रेड-झेडमध्ये एकेक डिस्क वाढवता येते खरी, पण आधी लिहिलेला डेटा जुन्याच पॅरिटीच्या प्रमाणात राहतो. सांभाळणारा माणूस ऑफिसात असेल तरच या वाटेनं या.

हिंगणा_एमआयडीसी
१०-१० वालं मला पण पटलं, स्पेअरचा मुद्दा बरोबर आहे. गरमीबद्दल मी सांगतो, कारण ग्रुप कसाही पाडा, नागपुरात डिस्क मे महिन्यातच छळतात. एकच एसी आहे म्हणता, तर तो रविवारी बंद होतो का ते बघा. बऱ्याच ऑफिसात शनिवारी निघताना मेन स्विच पाडतात अन् सर्व्हर यूपीएसवरून चालूच राहतो, नवतप्यात (उन्हाळ्यातल्या सगळ्यात गरम नऊ दिवसांत) बंद खोलीचं काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. डिस्कची वरची मर्यादा बहुतेक ६० डिग्रीची असते, पण तिथपर्यंत जाऊ द्यायचंच नाही, मी ४५ ला मेल अन् ५० ला फोनवर मेसेज असा अलर्ट लावतो. दोन एसी टायमरवर आलटून पालटून. कंट्रोलरच्या कॅशची (लिहायचा डेटा थोडा वेळ धरून ठेवणाऱ्या मेमरीची) बॅटरी पण गरमीनंच आधी मरते, अन् ती मेली की राइट कॅश बंद पडतो अन् रेड ६ अचानक बैलगाडी होतो, लोकं मग डिस्क बदलत बसतात.

प्रत्येक कॅडीच्या (डिस्क बसवायच्या ट्रेच्या) तोंडावर डिस्कच्या सिरियलचे शेवटचे चार अक्षर स्टिकरवर लिहून चिकटवा. डिस्क काढायच्या आधी सॉफ्टवेअरमधून लोकेट लाइट लावा, सिरियल जुळवा, मगच खेचा. रेड ५ मध्ये एक गेलेली असताना घाईत बाजूची चांगली डिस्क खेचली तर तिथंच सगळं बंद पडतं, रेड ६ तेवढं सहन करतो.

संत्रा_मॅपर
मालकाशी बोललो. खाणीवाला मुद्दा सांगितल्यावर पाच मिनिटं गप्प राहिले अन् हो म्हणाले. १०-१०, दोन स्पेअर, दोन एसएसडी, व्हेंडरले नवीन कोटेशन मागितलं. तो म्हणते एसएसडी लिस्टमध्ये आहे. संपलेले प्रोजेक्ट टेपवर पण घेऊन राहिलो, एलटीओ-९ च्या एका टेपवर १८ टीबी बसते म्हणून. आता माल आला की आधी काय करू?

रॅक_नंबर_४
मस्त. २० डिस्क शक्यतो दोन वेगळ्या लॉटच्या मागा, नाही मिळाल्या तर दोन खोक्यांतल्या डिस्क दोन्ही ग्रुपमध्ये मिसळून लावा. दोन्ही ग्रुपचं इनिशियलायझेशन (सुरुवातीची पॅरिटी मांडणी) पूर्ण होऊ द्या, अर्धवट असताना डेटा टाकायला सुरुवात करू नका. पॅट्रोल रीड (कंट्रोलर अधूनमधून डिस्क वाचून खराब सेक्टर शोधतो ते) चालू ठेवा, महिन्यातून एकदा पॅरिटी तपासणी लावा.

मग खरा डेटा टाकायच्या आधी एका ग्रुपवर टेस्टचा डेटा भरा, तुमचे सहा जण नेहमीसारखे कामाला लावा अन् एक डिस्क खेचा. स्पेअर आपोआप लागतो का, मेल येतो का, रीबिल्डला किती तास लागतात, अन् तेवढ्यात लोकांची फाइल उघडायला किती वेळ घेते, सगळं लिहून ठेवा. रेट ३०% वर फार वेळ लागला तर रात्री ६०% अन् दिवसा ३०% असं करून बघा.

संत्रा_मॅपर
एसएसडीच्या मिररमधली पण एक काढून बघू का त्याच वेळी?

रॅक_नंबर_४
काढा, पण त्याच वेळी नाही. पहिला रीबिल्ड पूर्ण होऊन ग्रुप ऑप्टिमल (सगळं ठीक) दाखवला की मग. अन् एसएसडी काढल्यावर १६ टीबीचा स्पेअर तिकडं पळत नाही नं, तेवढं नक्की बघा.