नव्या संकुलात झाडं मोजायची की माती?

खुरपं:
नव्या गृहसंकुलाचा ताबा देताना जी हिरवळ दाखवतात, ती तीन उन्हाळे काढते का, हे कुणी तपासत नाही. बहुतेक नियमावल्यांत एकच ओळ असते: अमुक चौरस मीटरला एक झाड. अधिकारी येतो, मोजतो, दाखला देऊन जातो. झाड कशात उभं आहे ते बघायला कुणी वाकत नाही. वर वीतभर पोयटा, खाली राडारोडा, मिक्सर धुतलेलं सिमेंटचं पाणी मुरलेलं, आणि ट्रक-क्रेन फिरून दगड झालेली जमीन. त्यात मूळ जाणार कुठे?
माझं म्हणणं सरळ आहे. झाडांचा आकडा नियमातून काढून टाका. प्रत्येक झाडामागे किती घनमीटर मोकळी माती, एवढंच लिहा. माती धड असली की कुणी लावलं नाही तरी झाड येतं.

बीमकॉलम:
वाचायला छान आहे. पण आजच्या संकुलात जमीन उरते कुठे? खाली दोन मजले पार्किंग, वर स्लॅब, आणि त्यावर तुमची बाग. भिजलेली माती घनमीटरला पावणेदोन ते दोन टन भरते. मीटरभर थर दिला तर राहत्या खोलीसाठी जो चल भार (माणसं-सामानाचं वजन) धरतात त्याच्या आठ-दहा पट ओझं झालं. म्हणजे जाड स्लॅब, जास्त सळई, वॉटरप्रूफिंगची कायमची डोकेदुखी. हा खर्च घर घेणाराच देणार.

खुरपं:
मग तळघर कुंपणापर्यंत न्यायचंच कशाला? चारी बाजूंनी पट्टा सोडा की! बर्लिनमध्ये याचा हिशोब १९९० च्या दशकापासून होतोय. तिथल्या मूळ पद्धतीत खालच्या जमिनीशी जोडलेल्या हिरवळीला पूर्ण १ गुण. स्लॅबवर ८० सेंटिमीटरपेक्षा जास्त माती असेल तर ०.७, कमी असेल तर ०.५, आणि सगळं काँक्रीट ओतलं तर शून्य. स्लॅबवरच्या बागेला बंदी नाही, पण तिला खऱ्या जमिनीचा भाव मिळत नाही.

अर्जविनंती:
मी मंजुरीच्या टेबलामागे बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून चार शब्द. आकडा वाईट आहे, मान्य. पण खोटा आकडा पकडता येतो. चाळीस झाडं लिहिली आणि एकोणतीस दिसली, तर तिथला कुठलाही रहिवासी तक्रार करू शकतो. मातीची खोली नकाशावर काहीही लिहा, लॉनची चादर अंथरल्यावर ती कोण खणून बघणार? तपासायचीच तर माती भरताना, वर काही लावायच्या आधी तपासावी लागेल. त्या दिवशी साइटवर कोण असतं, ते मी सांगायला नको. तुम्ही आकडा काढाल, त्या दिवशी उरलीसुरली झाडंही जातील.
आणि 'आपोआप येतं' म्हणता ना? येतं. सुबाभूळ येते, तणासारखी.

आळंवाफा:
सुबाभूळ +१ :)
तिघंही रोपाबद्दल बोलत नाही आहात. तपासणीच्या दिवशी भव्य दिसावं म्हणून पंधरा फुटी झाडं आणतात. मुळं पिशवीत गोल फिरून वेटोळी झालेली असतात. ती न कापता, न सोडवता खड्ड्यात उतरवतात, वर खोड वीतभर पुरतात. आधाराच्या काठीची दोरी वर्षभरात सोडायची असते. ती तशीच राहते आणि पुढे खोडात रुतते. कमरेइतकं निरोगी रोप पाच-सात वर्षांत अशा झाडाच्या पुढे जातं, पण नियमात उंची मागतात, मूळ मागत नाहीत.
दुसरं, एकाच जातीची रांग. अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रँक सांतामूर यांनी १९९० साली मांडलेला ठोकताळा आहे: एका जातीची झाडं १० टक्क्यांच्या वर नकोत, एका प्रजातीची (म्हणजे जवळच्या जातींच्या गटाची) २० च्या वर नकोत, एका कुळाची ३० च्या वर नकोत. एल्म झाडांच्या रोगाने युरोप-अमेरिकेत रस्तेच्या रस्ते उघडे पडले, ते बघून सुचलेलं शहाणपण. आपल्याकडच्या नकाशात काय असतं? पाम, पाम, पाम.

तिसरामजला:
राहणाऱ्यांनाही विचारा कधी. पानं गच्चीच्या नळात अडकतात, मुळं ड्रेनेजमध्ये शिरतात, फांदी गाडीवर पडते. पाम बरा.

खुरपं:
पामची सावली तुम्हाला लखलाभ.
अर्जविनंती, तुमचा मुद्दा पटला. आकडा राहू दे, पण मोजणी दाखल्याच्या दिवशी नको, पाचव्या वर्षी करा. तोवर बिल्डरची अनामत अडकवून ठेवा. इंग्लंडमध्ये २०२४ पासून बऱ्याच नव्या बांधकामांना निसर्गाचं मोल आधीपेक्षा किमान १० टक्के वाढवून दाखवावं लागतं. त्यातल्या मोठ्या सुधारणा तर ३० वर्षं सांभाळायच्या. आपण पाचच मागतोय.

बीमकॉलम:
पाच वर्षांत बिल्डर संकुल सोसायटीच्या हवाली करून मोकळा झालेला असतो. पाणी सोसायटीने घालायचं नाही आणि अनामत बिल्डरची जप्त व्हायची? त्याचं कलम आधी लिहा, मग माझी सही.